अर्थाचा अनर्थ

जुन्या गाडीचा ब्रेक दाबला. ब्रेक लाइट लागला, पण मिणमिणताच. सोबत मागचा इंडिकेटरही, कुणी विचारलं नसताना, मंद पेटला. इंडिकेटर दिला तर पार्किंग लाइट त्याच्या तालावर लुकलुकायला लागला. मालक म्हणतो, गाडीत भूत शिरलंय. शेजारी म्हणतात, सगळं वायरिंग बदला, नाहीतर गाडीच फुंकून टाका. गॅरेजमधला जुना मिस्त्री काहीच म्हणत नाही. तो मागच्या दिव्याची काच काढतो, होल्डरच्या स्क्रूभोवतीचा गंज पॉलिश पेपरने खरवडतो, स्क्रू पुन्हा आवळतो आणि चहा सांगतो. भूत पसार.

मागच्या त्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकसाठी २१ वॅटचं आणि पार्किंगसाठी ५ वॅटचं. दोघांनाही बॅटरीकडे परतायला वाट एकच, होल्डरच्या पत्र्यातून गाडीच्या बॉडीत, म्हणजे अर्थमध्ये. ती वाट गंजली की ब्रेकचा करंट आडवाटेने निघतो. शेजारच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरने दुसऱ्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथल्या धडधाकट अर्थमधून घर गाठतो. वाटेत जे जे दिवे लागतील ते अर्धवट पेटवत.

याच बल्बच्या कमरेला दोन खुंट्या असतात, एक वर, एक किंचित खाली. उलटा बसूच नये म्हणून केलेली सोय. तरी जोर लावून उलटा बसवणारे महाभाग आहेतच. मग पार्किंगला लख्ख उजेड आणि ब्रेकला पणती.

जुन्या गाडीतल्या वायरिंगच्या तक्रारींचा माझा हिशेब साधा आहे. दिव्याकडे येणारी वायर सगळे तपासतात, परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच दबा धरून बसलेला असतो. उरलेले बिघाड जोडांमध्ये. अख्खी वायर मधेच मेली, असं क्वचित होतं. खालच्या गमतीजमती वाचताना एवढं डोक्यात असू द्या. क्रम काही लावलेला नाही.

चोकची केबल का तापते?

घरात दिव्याला दोन वायरी लागतात, गाडीत एक पुरते. दुसरीचं काम पत्र्याची बॉडी करते. निम्मं तांबं वाचलं, म्हणून सगळ्या जगाने ही पद्धत उचलली. अडचण एकच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या हिशेबाने अधांतरी. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारांची एक चपटी पट्टी असते. ती तेलाने माखते, गंजते, तुटते. कधी क्लचच्या कामात कुणीतरी सोडवतो आणि परत लावायचंच विसरतो.

आता सेल्फ मारा. लहान गाडीचा सेल्फसुद्धा शे-दीडशे अँपिअर खातो. एवढ्या करंटला नेहमीची वाट बंद दिसली की इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारी जी धातूची वस्तू सापडेल ती तो पकडतो. ती बहुतेकदा चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल असते. केबल तापते, आवरण वितळतं, डॅशबोर्डच्या मागून धूर येतो. केबल बदलली जाते. काही दिवसांनी नवीही जळते. मधल्या काळात बॅटरी बदलून झालेली असते, सेल्फचे कार्बन बदलून झालेले असतात, आणि ती पट्टी तिथेच लोंबकळत असते.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. जम्परची एक केबल घ्यायची, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक ओढलेला. एरवी नुसतं टक-टक करणारा सेल्फ आता खणखणीत फिरला, तर चोर सापडला.

प्लस बॉडीला जोडलेला

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांमध्ये बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलेला असायचा. होय, प्लस. स्पार्क प्लगला आणि गंजाच्या दृष्टीने ते बरं, अशी समजूत होती. एमजीबी ही नावाजलेली स्पोर्ट्स कार १९६७ पर्यंत अशीच यायची. पुढे अल्टरनेटर आला, ट्रान्झिस्टरचे रेडिओ आले, आणि सगळे मायनस अर्थवर स्थिरावले.

त्यामुळे व्हिंटेज गाडीचं बॉनेट उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची कुठली केबल बॉडीला गेली आहे ते बघण्याचं. सवयीने बॅटरी उलटी लावली आणि गाडीत अल्टरनेटर असला, तर त्याचे डायोड तिथल्या तिथे उडतात. जुना डायनमो मात्र सोशिक. त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व मुरलेलं असतं आणि कोण प्लस, कोण मायनस हे त्याला त्यावरूनच कळतं. दिशा बदलायची असेल तर बॅटरीच्या, बॉडीला न जोडलेल्या टोकाची वायर त्याच्या फील्डच्या टर्मिनलला क्षणभर टेकवायची. एक ठिणगी उडते, डायनमो नवा धडा शिकतो.

डायनमोची परीक्षाही मजेची आहे. बेल्ट काढायचा आणि त्याला बॅटरीचा करंट द्यायचा. वीज तयार करणारं यंत्र आता वीज खाऊन मोटरसारखं गरगर फिरतं. फिरलं तर ठीक. हे गाडीत एरवी होऊ नये, म्हणजे बॅटरीने उलट डायनमोलाच पोसू नये, म्हणून मध्ये कट-आउटची डबी असते. तिचे पॉइंट चिकटले की इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनमोत रिकामी होत राहते. अशा वेळी डायनमोला हात लावला तर तो बंद गाडीतही गरम लागतो.

अंधाराचा युवराज

बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासने धंदा सुरू केला तो हातगाडीवर दिव्याचं तेल विकून. पुढे सायकलचे दिवे, मग मोटारींचं सगळं विजेचं सामान. ब्रिटिश गाडी म्हणजे लुकासचं सामान असं समीकरणच झालं, आणि दिवे गेले की लोक ज्याच्या नावाने बोटं मोडतात तोही तोच झाला. ‘अंधाराचा युवराज’ ही पदवी त्याला इंग्लंड-अमेरिकेतल्या गाडीवेड्यांनी बहाल केली. त्यांचा ठेवणीतला विनोद असा: लुकासच्या स्विचला तीन खटके असतात, मंद, लुकलुक आणि बंद. दुसरा असा: इंग्रज कोमट बिअर का पितात? कारण त्यांचे फ्रिज लुकास बनवतो.

मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. त्या गाड्यांमधले बरेचसे जोड गोळीच्या आकाराच्या टोकांचे, रबरी नळीत खुपसलेले. सततच्या ओलीत कुणाचाही जोड हिरवा पडेल. त्याबदल्यात लुकासने मिस्त्रींना एक अप्रतिम देणगी दिली, ती म्हणजे वायरींचे रंग. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, फ्यूजशिवाय. हात लावताना जपून. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी चावीनंतर आणि फ्यूजमधून. जांभळी कायम चालू, पण फ्यूजमधून. निळीवर पांढरी रेघ असली तर अप्पर, लाल रेघ असली तर डिप्पर. काळी अर्थ. एवढं पाठ असलं की अनोळखी ब्रिटिश गाडीतही माणूस हरवत नाही. अर्थात, आधीच्या चार मिस्त्रींनी हाताला येईल त्या रंगाची वायर जोडलेली नसेल तर.

आपल्याकडे हा वारसा चेन्नईच्या पाडीमधून आला. लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली.

लाल फ्यूज किती अँपिअरचा?

उत्तर देण्याआधी विचारा, कुठल्या गाडीचा? आजच्या प्लास्टिकच्या चपट्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे १०, निळा १५, पिवळा २०. जुन्या फियाट आणि जर्मन गाड्यांमध्ये चिनी मातीचे टोकदार फ्यूज असत, त्यांवर बाहेरून धातूची उघडी पट्टी. त्यांच्यात लाल १६, निळा २५, पिवळा फक्त ५. म्हणजे फ्यूजबॉक्स बदलताना ‘जुना पिवळा होता, नवा पिवळा लावला’ असं करणाऱ्याने ५ ऐवजी २० चं कवच दिलं. आधी वायर जळेल, फ्यूज शाबूत राहील.

या मातीच्या फ्यूजची खोड अशी की तो न उडताच दगा देतो. टोकाला आणि धरणाऱ्या पितळी पत्रीला गंज धरतो, संपर्क तुटतो. बोटाने जागेवर गोल फिरवला की गेलेले दिवे परत येतात, पावसात पुन्हा जातात. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीच्या ड्रायव्हरांना हे फ्यूज फिरवणं वेगळं शिकवावं लागत नसे. (या पद्मिनींपैकी शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. शौकिनांच्या खासगी गाड्या आहेत, आणि त्यांचे फ्यूज अजून फिरवले जातात.)

काचेच्या फ्यूजचा घोळ आणखी गहिरा. लुकासच्या काचेच्या नळीवर ३५ लिहिलेलं असतं, तो आकडा फ्यूज उडण्याचा. सतत वाहून नेण्याची त्याची ताकद निम्मी, साडेसतरा. अमेरिकी पद्धतीच्या तशाच दिसणाऱ्या फ्यूजवर ३५ लिहिलं असेल तर तो ३५ अँपिअर निवांत वाहून नेतो. दोघे शेजारी ठेवले तर चटकन ओळखू येत नाहीत.

आणि हायवेवरची सिगारेटच्या पाकिटातली चांदी? उडालेल्या फ्यूजवर ती गुंडाळून घरी पोचलेले लोक फुशारकीने सांगतात. गाडी पेटलेले लोक कशाला सांगतील?

टेस्ट लॅम्पचा खडा सवाल

डिजिटल मल्टीमीटर आता शे-दोनशे रुपयांपासून मिळतो, त्यामुळे घरोघरी आहे. तो एका बाबतीत हमखास चकवतो. समजा, वायरचा एखादा जोड आतून गंजला आहे आणि संपर्क जेमतेम उरला आहे. मीटर लावला तर तो खुशाल १२.४ व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही आणि तेवढ्याला जेमतेम संपर्कही पुष्कळ झाला. गड्याच्या डोक्यावर पोतं ठेवल्याशिवाय त्याचा दम कळत नाही. टेस्ट लॅम्प ते पोतं ठेवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी, एक चिमटा, एक सुई. तोच त्या वायरला लावला की दीड-दोन अँपिअर मागतो. गंजलेल्या जोडाला ते झेपत नाही, बल्ब मिणमिणतो, खोटेपणा उघडा पडतो.

मल्टीमीटरलाही मोडीत काढू नका. दिवा चालू ठेवून एक पिन होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली, तर आकडा जवळपास शून्य यायला हवा. ०.२ च्या वर गेला की संशय घ्यायचा. एक-दीड व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट परतीच्या गंजात सांडत आहेत. ही तपासणी करणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला सोडू नका. बहुतेक जण वायरीला पिन टोचून ‘करंट येतोय’ एवढ्यावर थांबतात.

एक ताकीद. हे बल्बचे प्रयोग कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या गाड्यांसाठी. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरींना टेस्ट लॅम्प दाखवायचासुद्धा नाही.

फ्यूजच्या जागी हेडलाइट

फ्यूज लावला की उडतो, लावला की उडतो. कुठेतरी वायर सोलून बॉडीला टेकते आहे, पण कुठे? दहा फ्यूज जाळण्यापेक्षा एक जुना हेडलाइटचा बल्ब घ्या आणि फ्यूजच्या दोन टोकांमध्ये जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि करंट चार-पाच अँपिअरच्या वर जाऊच देत नाही, त्यामुळे वायर जळत नाही. मग निवांत वायरिंगचा जुडगा एकेका ठिकाणी हलवत जायचं. फायरवॉलच्या भोकात रबर नाही तिथे, दाराच्या बिजागरीपाशी, डिकीच्या कोपऱ्यात, सीटच्या रुळाखाली. हलवता हलवता बल्ब विझला की तिथेच बोट ठेवायचं. या युक्तीला बल्बवाचून कसलंही भांडवल लागत नाही, तरी ती वापरणारे मोजकेच.

सकाळी बॅटरी उतरलेली

रात्री ठीक होती, सकाळी सेल्फ गप्प. बॅटरीवाल्याकडे गेलात तर तो नवी बॅटरी देईल, त्याचा दोष नाही, त्याचा धंदाच तो. आधी एक हिशेब. डिकीतला ५ वॅटचा दिवा जेमतेम ०.४ अँपिअर खातो. ४० अँपिअर-तासांची बॅटरी त्यावर चार दिवसांत पूर्ण कोरडी होते, आणि सेल्फ फिरण्याइतका जोर त्याच्या बराच आधी संपतो. डिकी बंद केल्यावर दिवा विझतो का, हे पिढ्यान्‌पिढ्या कुणालाच कळायचं नाही. आता मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवायचा आणि झाकण लावायचं.

तरीही नाही सापडलं तर बॅटरीच्या मायनसची केबल काढून मध्ये अँपिअरवर लावलेला मीटर जोडायचा. दारं बंद, चावी काढलेली. नव्या गाडीत ५० मिलीअँपिअरपर्यंत माफ असतं. घड्याळ नसलेल्या जुन्या गाडीत आकडा शून्याला टेकायला हवा. मग फ्यूज एकेक करून काढत जायचे. ज्याच्यावर आकडा पडला त्या घरात चोर. सगळे काढूनही पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा. त्याचा एखादा डायोड गळका असला तर तो फ्यूजच्या यादीत येतच नाही.

जाता जाता: बॅटरी काढताना आधी अर्थची बाजू सोडवायची आणि लावताना ती शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला, तर पाना वेल्डिंगच करून दाखवतो.

लग्नाच्या वरातीशिवाय हॉर्न

मध्यरात्री सोसायटीत एका गाडीचा हॉर्न आपोआप सुरू होतो आणि बॅटरी संपेपर्यंत थांबत नाही. कारण अनेक जुन्या गाड्यांमध्ये हॉर्नचं बटण करंट पाठवत नाही, फक्त अर्थ जोडून देतं. हॉर्नपाशी किंवा त्याच्या रिलेपाशी करंट आधीच हजर असतो. स्टिअरिंगच्या दांड्यातली ती बिचारी वायर सोलून लोखंडाला टेकली की बटण दाबल्यासारखंच झालं. गंमत म्हणजे फ्यूज उडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं रीतसर चाललंय. दार उघडल्यावर लागणारा आतला दिवाही बहुधा असाच, अर्थच्या बाजूने चालणारा.

दोन काटे, एक गुन्हेगार

पेट्रोलचा काटा टाकी भरल्याचं सांगतो, तापमानाचा काटा इंजिन उकळल्याचं. दोन्ही एकाच दिवशी वर गेले असतील तर टाकी उतरवू नका आणि थर्मोस्टॅटही बदलू नका. साठच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांमध्ये मीटरच्या पाठीमागे काडेपेटीपेक्षा लहान अशी एक डबी असते. बॅटरीचे बारा-चौदा व्होल्ट तोडून ती मीटरांना सरासरी दहाच देते. डबीचा अर्थ सुटला की तिचं तोडणं थांबतं, मीटरांना पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि दोन्ही काटे एकदम बढाया मारायला लागतात. इलाज: एक स्क्रू.

लाल दिव्याची दुहेरी नोकरी

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा नुसता निरोप्या आहे असं सगळे समजतात. जुन्या अल्टरनेटरमध्ये तो कामगारही असतो. चावी फिरवली की याच बल्बमधून थोडासा करंट अल्टरनेटरच्या आत जातो आणि त्याच्या फिरत्या भागाला चुंबक बनवतो. त्या इवल्या करंटशिवाय अल्टरनेटरला सुरुवातच करता येत नाही. एकदा तो वीज बनवायला लागला की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, आणि दोन्हीकडे सारखं म्हटल्यावर करंट वाहणार कुठून? म्हणून दिवा विझतो.

आता हा दोन-तीन वॅटचा बल्बच उडाला तर? लाल दिवा लागत नाही, म्हणजे सगळं छान, असं मालकाला वाटतं. चार्जिंग मात्र बंद. बॅटरी उतरते, मग अल्टरनेटर बदलला जातो, नवाही चार्ज करत नाही, आणि दुकानदाराशी भांडण. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवायची आणि लाल दिवा लागतो का ते बघायचं. सगळा वाद तिथेच मिटला असता.

रिलेवरचे आकडे

जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून, मग अप्पर-डिप्परच्या स्विचमधून, मग लांबलचक बारीक वायरीतून फिरून पुढे जातो. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हटले की नऊ अँपिअरच्या वर. प्रत्येक जोडावर थोडं थोडं व्होल्टेज सांडतं. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड दहा टक्क्यांनी नाही, जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. घाटात रात्री पुढचं दिसत नाही म्हणून लोक जास्त वॅटचे बल्ब लावतात. करंट वाढतो, स्विच वितळतो, उजेड आहे तिथेच.

खरा उपाय रिले. जाड वायर बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट रिलेला, तिथून दिव्यांना, आणि जुन्या स्विचने फक्त रिलेला हुकूम द्यायचा. पुण्यात नाना पेठेत कुठल्याही दुकानात रिले मागा, त्याच्या पायांशी तेच आकडे असतील: ३०, ८५, ८६, ८७. हे जर्मन मानकातले आकडे आहेत. ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, ८७ बाहेर जाणारा, ८५ आणि ८६ मध्ये आतली कॉइल. त्याच यादीत १५ म्हणजे चावीनंतरचा करंट, ३१ म्हणजे अर्थ आणि ५० म्हणजे सेल्फ. जर्मनचा एक शब्द न येणारा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा पोरगा ‘सत्त्याऐंशीमधून काढ’ म्हणतो तेव्हा तो हीच भाषा बोलत असतो.

पाऊस आणि उंदीर

पावसात गाडी सुरू होत नाही तेव्हा डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसायची, निम्म्या गाड्या एवढ्यावर उठतात. प्लगच्या जाड वायरींमध्ये हजारो व्होल्ट धावतात. आवरणाला केसाएवढी चीर पडली तरी ते ओलीतून इंजिनवर उडी मारतात. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनकडे बघा. गळकी वायर निळसर ठिणग्यांनी स्वतःच पत्ता सांगते. बघायचं, हात लावायचा नाही.

उंदरांचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि पावसाळ्यात इंजिनइतकी उबदार जागा त्यांना कुठे मिळणार? होंडाने वायरींना गुंडाळायला मिरचीतल्या तिखट द्रव्याची टेप काढली. आपल्याकडे बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवतात, कुणी डांबरगोळ्या. तंबाखूने उंदीर पळतात की त्यांनाही सवय लागते, याबद्दल पार्किंगमध्ये दोन तट आहेत.

पीळ मारला, टेप लावली

रस्त्यावरच्या दुरुस्तीची ही आपली राष्ट्रीय पद्धत. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखालच्या टेपचा डिंक पाघळतो, टेप सुटते, आणि काळा चिकटा तेवढा उरतो. कारखान्यातल्या मूळ जुडग्यावरची टेप बघितलीत तर आश्चर्य वाटेल. अनेक जुन्या गाड्यांत तिला डिंकच नाही. नुसती ताणून गुंडाळलेली, शेवटी एक गाठ.

सोल्डर मारलं की काम पक्कं, हाही एक लाडका समज. कथील धाग्यांमध्ये आत चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि हादऱ्यांनी नेमका त्याच्या कडेला तुटतो. म्हणून योग्य मापाचं थिंबल, चांगल्या पान्याने दाबलेलं, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. सोल्डर करायचंच तर जोडाला आधार द्या. आणि घरातली एकतारी वायर गाडीत नको म्हणजे नकोच. ती सततच्या थरथरीसाठी बनलेलीच नाही. सोललेल्या वायरीचं तांबं काळं निघालं तर चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापत जायचं. काळ्या तांब्याला कथीलही नीट धरत नाही.

महागडी गाडी म्हणजे वायरिंग भक्कम, असंही नाही. १९९० च्या दशकातल्या काही मर्सिडीज गाड्यांमध्ये इंजिनवरच्या वायरींचं आवरण उष्णतेने बिस्किटासारखं ठिसूळ होऊन गळून पडायचं. तिथे मात्र पॉलिश पेपर उपयोगाचा नाही, अख्खा हार्नेस बदलावा लागतो.

टिकटिक

पन्नासच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच युरोपी गाड्यांना वळायचं असलं की दारामागच्या खांबातून एक केशरी हात विजेने बाहेर पडायचा. तो अडकला की ड्रायव्हर आतून खांबावर बुक्की मारायचा. मग लुकलुकणारे दिवे आले आणि फ्लॅशरची डबी आली. तिच्यात एक पट्टी असते. बल्बचा करंट तिला तापवतो, ती वाकते, संपर्क तुटतो, थंड होते, पुन्हा जुळतो. ऐकू येते ती टिकटिक या पट्टीची. एक बल्ब उडाला की करंट घटतो आणि टिकटिकीची लय बिघडते, म्हणजे डबी बोलून दाखवते. हौसेने एलईडीचे बल्ब लावले की करंट इतका कमी होतो की पट्टी तापतच नाही. दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो.

बॉशने १९८६ मध्ये डेट्रॉइटला कॅन-बस, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायची पद्धत, जाहीर केली तेव्हापासून हळूहळू गाडीतल्या दिव्यांना हुकूम कॉम्प्युटर द्यायला लागले. नव्या गाड्यांमध्ये डबीच नाही, तापणारी पट्टीही नाही, आवाज यायचं काही कारणच उरलेलं नाही. पण ड्रायव्हरला सवय आहे ना, म्हणून अनेक कंपन्या आता ती टिकटिक स्पीकरमधून वाजवतात.